दुकान आपले, पासवर्ड एजंटाचा?

वसई-विरारच्या व्यापाऱ्याला आता कागदी अर्ज क्वचितच भरावा लागतो. जीएसटीचे विवरणपत्र, उद्यम नोंदणी, सरकारी योजनेचा अर्ज, बहुतेक सारे संगणकावर किंवा मोबाईलवर. यात वाईट काही नाही. हेलपाटे वाचतात, धंद्याचा दिवस बुडत नाही. परंतु ही नवी खिडकी उघडायची कशी, हे कारागिराला शिकवायचे कोणी? आमचा प्रश्न एवढाच आहे.

केंद्र सरकारने 2017 साली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान हाती घेतले. घरटी एका व्यक्तीला 20 तासांचे शिक्षण आणि सहा कोटी घरांचे लक्ष्य. 31 मार्च 2024 रोजी अभियान संपले, तोपर्यंत सुमारे 6 कोटी 39 लाख लोकांना प्रशिक्षण मिळाले होते. काम मोठे झाले, हे मान्य केलेच पाहिजे. पण ते ग्रामीण घरांपुरते होते. चार नगरपालिका व आसपासची गावे मिळून 2009 साली आपली महापालिका झाली, म्हणजे आपण शहरी ठरलो. त्याआधीच्या, शहरांनाही लागू असलेल्या दोन योजनांचे लक्ष्य साऱ्या देशासाठी मिळून अवघे साडेबावन्न लाख होते. नालासोपाऱ्याच्या गाळ्यात शिलाई करणारा शहरात राहतो, म्हणून त्याला संगणक येतोच, असे दिल्लीने धरून चालावे काय?

ही उणीव एजंट भरून काढतो. सगळेच एजंट लबाड नसतात; पुष्कळांचे काम चोख असते. धोका निराळा आहे. नोंदणी करताना मोबाईल व ईमेल एजंटाचाच दिला जातो. पुढे नोटीस आली तर ती त्याच्याकडे जाते. जीएसटी कायद्याच्या कलम 169 मध्ये पोर्टलवर नोटीस टाकणे ही बजावण्याची एक रीत मानली आहे. एजंट गावी गेला, नोटीस कोणी उघडली नाही, की मुदत टळते आणि दंड दुकानदाराच्या माथी बसतो. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. हे ठाऊक नसलेला माणूस तिचेही पैसे मोजतो.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना शिंपी, सुतार, लोहार, न्हावी अशा 18 व्यवसायांसाठी आहे. अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मदत, पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज, शिवाय प्रशिक्षण. योजना चांगली आहे, पण तिचा दरवाजाही ऑनलाईनच आहे.

शहरात हे शिकवता येत नाही, असे कोणी म्हणू नये. केरळने घरोघरी पाहणी केली, प्रत्यक्ष मोबाईलवर सराव करून घेतला आणि 21 ऑगस्ट 2025 रोजी संपूर्ण डिजिटल साक्षर राज्य म्हणून घोषणा केली. त्यात शहरेही आली.

आमची मागणी साधी आहे. सरकारने शहरी कारागिरासाठी असेच अभियान काढावे आणि महापालिकेने प्रभागवार वर्ग भरवावेत. वेळ रात्री दुकान वाढवल्यानंतरची असावी. भाषा मराठी, उर्दू, हिंदी, ज्याला जी समजेल ती. परीक्षा प्रमाणपत्राची नको, कामाची हवी: स्वतःची नोटीस स्वतः उघडता येते काय? ओटीपी कोणाला सांगू नये, आणि पैसे गेलेच तर 1930 वर ताबडतोब फोन करावा, हे माहीत आहे काय?

सरकार जागे होईल तेव्हा होईल. तोवर व्यापारी बांधवांनी एक काम याच आठवड्यात करावे. आपल्या जीएसटी व उद्यम नोंदणीवर मोबाईल आणि ईमेल कोणाचा आहे, हे पाहावे. दुसऱ्याचा असेल तर बदलून घ्यावा. गल्ल्याची किल्ली आपण कोणाच्या हाती देत नाही. मग पासवर्ड तरी का द्यावा?