राजाची वंशावळ आणि रयतेचा पुरावा

जव्हारच्या मुकणे घराण्याची वंशावळ सुमारे सातशे वर्षे मागे नेता येते. चौदाव्या शतकाच्या आरंभीचा जयबा हा मूळपुरुष, त्याचा पुत्र नेमशहा, आणि पुढे विक्रमशहा, पतंगशहा, कृष्णशहा अशी त्याच नावांची आवर्तने होत ही परंपरा १९४८ मधील संस्थानाच्या विलीनीकरणापर्यंत येऊन पोचते. अखेरचे राजे यशवंतराव मुकणे पुढे लोकसभेवर निवडून गेले. महादेव कोळी जमातीच्या एका घराण्याने इतका दीर्घकाळ राज्य करावे, ही महाराष्ट्राच्या इतिहासातील असाधारण गोष्ट आहे. परंतु याच मुलखात डोंगरउतारावर नाचणी आणि वरई पिकविणाऱ्या कुटुंबास आज्या-पणज्यापलीकडचे नाव कागदावर दाखविणे सहसा शक्य होत नाही. ही विषमता केवळ इतिहासाची बाब असती, तर ती संशोधकांवर सोपवून मोकळे होता आले असते. प्रत्यक्षात आजच्या हक्कांचा निवाडा तिच्याशी निगडित आहे.

या घराण्याच्या उदयाची कथा १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये नोंदलेली आहे. जव्हार तेव्हा एका वारली नायकाच्या ताब्यात होते. जयबाने त्याच्याकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नायकाने होकार देताच कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी सारे ठाणेच वेढून घेतले गेले. अशीच कथा कार्थेजच्या राणीविषयीही सांगतात, तेव्हा तिच्या ऐतिहासिक सत्यतेचा आग्रह धरण्याचे कारण नाही. तिचे मर्म निराळे आहे. जमीन ज्याची असते त्याच्यापेक्षा ती मोजण्याची रीत ज्याच्या हाती असते तो वरचढ ठरतो. १३४३ मध्ये दिल्लीच्या दरबाराने नेमशहाचे राजेपद मान्य केले आणि त्या घटनेपासून जव्हारचा स्वतंत्र शकही सुरू झाला. पुढे पेशवाईत मुलूख आक्रसत गेला, तरी वंशावळ अखंड राहिली. त्या वारली नायकाच्या वंशाचे काय झाले, याची वंशावळ मात्र कोणी लिहून ठेवली नाही.

मोजणारा मालक होतो याचे दुसरे उदाहरण आयर्लंडमध्ये सापडते. राजकीय अंकगणिताचा प्रवर्तक म्हणून अर्थशास्त्राचा विद्यार्थी ज्याला ओळखतो, त्या विल्यम पेटीने क्रॉम्वेलच्या स्वारीनंतर १६५५-५६ मध्ये आयरिश लोकांच्या जप्त जमिनींची मोजणी केली. त्याच उलथापालथीत केरी परगण्यातील विस्तीर्ण जमीन त्याच्या पदरात पडली. त्याच्या कन्येचा विवाह फिट्झमॉरिस या जुन्या सरदार घराण्यात झाला आणि या संबंधातून लॅन्सडाऊन घराणे उदयास आले. तिचा नातू इंग्लंडचा पंतप्रधान झाला. १८८८ ते १८९४ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड लॅन्सडाऊन याच वंशातले.

या वंशाची साद्यंत हकीकत कोणत्याही सरदार-कोशात मिळते. त्यांच्या कुळांचा इतिहास मात्र अगदी वेगळ्या वाटेने उजेडात आला. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळानंतर, १८५१ मध्ये, लॅन्सडाऊन यांच्या कारभाऱ्याने उपासमारीने खंगलेल्या कुळांना जहाजाचे भाडे देऊन अमेरिकेकडे रवाना केले. अशा रीतीने चार हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांपैकी अनेकजण न्यूयॉर्कच्या एका बकाल वस्तीत स्थिरावले आणि तेथील स्थलांतरितांच्या बचत बँकेत पैसे ठेवू लागले. ठेवीदाराची ओळख पटावी म्हणून बँक त्याचे जन्मगाव आणि नातलग लिहून घेत असे. एका अमेरिकन इतिहासकाराला या कुळांचा माग काढता आला तो या वह्यांमुळे. खुद्द आयर्लंडमध्ये १९२२ च्या यादवीत डब्लिनचे सार्वजनिक अभिलेखागार जळाले आणि असंख्य सरकारी कागदांची राख झाली. तेव्हापासून तेथील सामान्य माणसाला आपला पूर्वज शोधण्यासाठी ज्या मोजक्या साधनांचा आधार उरला, त्यांत जमीनदारांच्या खंडवसुलीच्या वह्याही आहेत. वसुलीसाठी लिहिलेला कागद कुळांच्या वारसांच्या कामी आला.

जव्हारच्या बाबतीत हा विचार अधिक निकडीचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी पुराव्यांची जी यादी दिली आहे, तीत पूर्वीच्या संस्थानांनी दिलेल्या हक्क-सवलतींच्या नोंदी आणि जुन्या कागदांतील व्यक्तींपर्यंत जाणारी वंशावळ यांचा स्पष्ट समावेश आहे. जमातीच्या दाखल्याची पडताळणी होते, तेव्हाही वंशावळ मागितली जाते आणि स्वातंत्र्यपूर्व नोंदीला विशेष वजन मिळते. ज्याच्या आज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही, त्या विद्यार्थ्याने आज्याच्या शाळेचा दाखला आणावा कोठून? संस्थानच्या सारावसुलीत त्याच आज्याच्या बापाचे नाव असेल, तर तो जुना कागद त्या मुलाच्या महाविद्यालयीन प्रवेशाची किल्ली ठरू शकतो.

सरंजामशाहीचे अवशेष जपण्यासाठी सरकारी पैसा का खर्चावा, असा आक्षेप यावर घेतला जाईल. दप्तर जपणे म्हणजे राजवाड्याला मुजरा करणे नव्हे, हे त्याचे उत्तर. याहून गंभीर आक्षेप असा, की वसुलीच्या वहीत फक्त सारा भरणाराच दिसतो. जागा बदलत राब जाळून पिके घेणारा, दुसऱ्याच्या शेतावर वेठीने राबणारा आणि घरातील स्त्री यांची नावे तीत बहुधा सापडणार नाहीत. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच कागदाला एकमेव पुरावा मानणे अन्यायाचे होईल. गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही नियमांनी पुरावा मानले आहे. पण व्यवहारात कचेरीतील टेबलावर कागद बोलतो आणि म्हातारा गप्प बसतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. कागद आणि साक्ष एकमेकांना पूरक ठरतील, तेव्हाच नियमाचा हेतू सफल होईल.

यासाठी करावयाची कामे अवाढव्य नाहीत. संस्थानी अमलातील उपलब्ध कागदांची गावनिहाय सूची करावी. मोखाड्याचा बराचसा मुलूख इंग्रजी अमलात होता, म्हणून त्याच्या नोंदी निराळ्या दप्तरांत शोधाव्या लागतील. मोडी कागदांचे देवनागरीत लिप्यंतर व्हावे. जव्हारचा शक इसवी सनात बदलून देणारा तक्ता सोबत असावा, अन्यथा तारखेपाशीच अर्ज अडेल. जुन्या शाळांतील नोंदवह्यांच्या प्रती काढाव्यात आणि हे सर्व तालुक्याच्या ठिकाणी विनामूल्य पाहता यावे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला तो कारभार लोकांच्या जवळ यावा म्हणून. मग दप्तर तेवढे दूर का राहावे? मोडी शिकलेले विद्यार्थी, निवृत्त शिक्षक आणि महसुली कामात मुरलेले कारकून एकत्र आले, तर यातील पुष्कळ काम थोड्या खर्चात पार पडेल.

राजघराण्यांच्या वंशावळी लिहिण्यास भाट आणि चरित्रकार कधी कमी पडले नाहीत. रयतेची वंशावळ लिहिण्याची जबाबदारी लोकशाहीत शासनावर येते. जोवर ते ती टाळते, तोवर कातड्याच्या वाद्यांनी जमीन मोजण्याचा जुना खेळ नव्या अर्जांच्या रूपाने चालूच राहणार.