'ती मुलं' परकी कुणाला वाटतात?

शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांचा विषय निघाला, की काही पालक हळू आवाजात एक वाक्य बोलतात : 'आमचं काही नाही हो, पण मुलांनाच ती मुलं परकी वाटतात.' जवळ, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना या जागांतून सूट देणारी राज्य सरकारची अधिसूचना फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत ती रद्द केली. कायद्याचा मुद्दा तिथे निकाली निघाला. पालकांच्या त्या वाक्यातला दावा मात्र वैज्ञानिक आहे आणि तो तपासता येतो.

अगदी तान्ह्या बाळांपासून पाहू. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी नुकत्याच जन्मलेल्या गोऱ्या बाळांना वेगवेगळ्या वंशांचे चेहरे दाखवले. बाळांनी सगळ्यांकडे सारखेच पाहिले. तीन महिन्यांची गोरी बाळे मात्र गोऱ्या चेहऱ्यांवर अधिक वेळ रेंगाळली. पुढच्याच वर्षी इस्रायली संशोधकांच्या अभ्यासातून याचा उलगडा झाला. इथिओपियात वाढणारी बाळे काळ्या चेहऱ्यांकडे अधिक पाहत होती, इस्रायलमधली गोरी बाळे गोऱ्या. पण इथिओपियातून इस्रायलमध्ये येऊन राहिलेल्या कुटुंबांतली, दोन्ही वर्णांची माणसे रोज पाहणारी बाळे असा फरक करतच नव्हती. ओळखीचे कोण, हे बाळ फार लवकर शिकते; शिकवतात ती पाळण्याभोवतीची माणसे. शिवाय एखाद्या चेहऱ्याकडे जास्त वेळ पाहणे म्हणजे दुसऱ्याचा तिटकारा नव्हे.

तरीही माणूस कोरी पाटी घेऊन येतो, असे म्हणता येत नाही. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाचे जवळचे लोक नाझींच्या वंशसंहारात गेले. पुढे ब्रिस्टलमध्ये त्यांनी शाळकरी मुलांचे चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. मुलांना सांगितले, की तुम्हाला कोणत्या चित्रकाराची चित्रे आवडली त्यावरून हे गट केले आहेत. पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. ना जुने वैर, ना ओळखदेख. गट करण्याची ही खोड आपल्यात खोल आहे, हे मान्य करावेच लागते. पण कोणाचा गट वरचा आणि कोणाचा खालचा, हे मूल घरात, सोसायटीत आणि शाळेतच उचलते.

शाळेत नेमके काय घडते, यावर दिल्लीतला एक अभ्यास फार बोलका आहे. तिथल्या अनेक नामांकित खासगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांसाठी जागा ठेवाव्या लागल्या. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी त्या शाळांतल्या श्रीमंत मुलांना रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगितले. ज्यांच्या वर्गात गरीब मुले होती, त्यांनी वेगाने धावणाऱ्या गरीब मुलाला डावलून सावकाश धावणारा श्रीमंत जोडीदार घेण्याचे प्रमाण कमी होते. ही मुले दानातही अधिक उदार निघाली. किंमत? हिंदी आणि गणिताच्या गुणांवर परिणाम दिसला नाही, इंग्रजीत थोडी घसरण झाली, वर्गात शिव्या काहीशा वाढल्या. माझ्या मते हा सौदा महाग नाही.

मात्र मुले एका इमारतीत आणली की काम झाले, असेही नाही. उत्तर प्रदेशात मॅट लो यांनी तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा भरवल्या. एकाच संघात खेळलेल्या वेगवेगळ्या जातींच्या तरुणांची आपसांत मैत्री वाढली. समोरासमोर उभे ठाकलेल्यांमध्ये तसे झाले नाही, उलट दुरावा आला. दिल्लीच्या काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या अक्षरक्रमाने पडत. ज्या श्रीमंत मुलांच्या वाट्याला असे गरीब सोबती आले, त्यांच्यातला बदल अधिक ठळक होता. आपल्याकडे राखीव जागेवर आलेल्या मुलाला कोणत्या तुकडीत आणि कोणाशेजारी बसवायचे, हे मुख्याध्यापक ठरवतात. पालकसभेत या बाबतीत कोणी विचारल्याचे मी अजून ऐकलेले नाही.