३५ दिवसांचा पोलंड

जर्मनीने १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर हल्ला केला आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. शाळेत एवढे वाक्य पाठ होते. पुढचे वाक्य थेट फ्रान्सच्या पाडावाचे असते. मधल्या ३५ दिवसांच्या जागी एकच चित्र उरते: भाले परजून रणगाड्यांवर धावणारे खुळे घोडेस्वार. ते चित्र खोटे आहे, आणि सरत्या वर्षातही ते लेखांत, भाषणांत पुन्हा पुन्हा आले.

पहिल्याच संध्याकाळी क्रोयांती गावाजवळ पोलिश स्वारांनी चाल केली ती उघड्यावर थांबलेल्या जर्मन पायदळावर. पायदळ पांगले, मग चिलखती गाड्यांच्या मशीनगन धडधडल्या आणि स्वार मागे फिरले. नंतर तिथे वार्ताहर आणले गेले. त्यांना मेलेले घोडे दिसले आणि दंतकथा जन्मली. जर्मन प्रचाराने ती पोसली. घोडदळ प्रत्यक्षात कसे लढे, ते त्याच दिवशी मोक्रा येथे दिसले. घोडे मागे झाडीत, स्वार पायउतार होऊन रणगाडाविरोधी तोफांपाशी, रुळांवर मदतीला चिलखती आगगाडी. जर्मनीची अख्खी रणगाडा डिव्हिजन त्यांनी दिवसभर अडवली.

वेस्टरप्लाटेच्या लष्करी कोठारात जेमतेम २०० सैनिक होते. समोरून युद्धनौकेच्या तोफा, वरून विमाने. तरी ते सात दिवस टिकले. ९ सप्टेंबरला ब्झुरा नदीकाठी पोलिश फौजांनी मोठा प्रतिहल्ला केला. ब्रिटन-फ्रान्सने ३ सप्टेंबरला युद्ध पुकारले होते, पण पश्चिमेकडून मोठी चढाई झाली नाही. १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या. वॉर्सा २८ तारखेपर्यंत लढले. कोत्स्कजवळची शेवटची लढाई ५ ऑक्टोबरला थांबली. पोलंडच्या सरकारने शरणागती पत्करली नाही. ते परदेशातून काम करत राहिले.

या इतिहासाचे एक पान महाराष्ट्रातही आहे. सोव्हिएत सत्तेने सैबेरियाकडे हाकललेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे ५,००० जण इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत आले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. १९४३ ते १९४८ ही छावणी त्यांचे गाव होती. कोल्हापूरने त्यांना जागा दिली आणि पोलंडने ते लक्षात ठेवले: वॉर्सात आज कोल्हापूरचे स्मारक उभे आहे.

हरलेल्यांची लढाई जिंकणाऱ्याच्या तोंडून ऐकली, की तिचे हसे होते. म्हणून यंदाच्या अंकाचे सूत्र ‘न सांगितलेल्या लढाया’ हे आहे. अशा आठवणी सिहोरा पंचक्रोशीतल्या घरांतही आहेत. धानाची कापणी आटोपली की वाचकांनी घरातल्या जुन्या माणसांजवळ बसावे, ऐकलेले उतरवून घ्यावे आणि त्या कागदावर गावाचे नाव व साल आठवणीने घालावे.

सिहोरा, दीपावली