फाशीचं जनावर फाडू नका

भूम तालुक्यात खव्याची भट्टी पेटते ती दावणीच्या जिवावर. ती दावण रातोरात रिकामी करणारा रोग म्हणजे फाशी. संध्याकाळी धडधाकट असलेली म्हैस सकाळी मरून पडते. पोट फुगतं, नाकातोंडातून काळपट रक्त झिरपतं आणि ते गोठत नाही. ही खूण दिसली की सुरीला हात लावू नये. जनावर फाडलं वा कातडं सोललं, की जंतूंना हवा मिळून त्यांचे बीजाणू बनतात आणि मातीत दशकानुदशकं टिकतात. सोलणाऱ्याच्या हातावर काळपुळी उठते, ती वेगळीच.

या रोगावरच्या लशीचा जाहीर प्रयोग लुई पाश्चर यांनी १८८१ मध्ये यशस्वी केला. आज पुण्यातल्या सरकारी संस्थेत फाशीवरची लस तयार होते. रोग पूर्वी दिसलेल्या गावांत ती दरवर्षी, पावसाळ्याआधी टोचली गेलीच पाहिजे. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानं अशा रोगाची वर्दी ग्रामपंचायतीला देणं पशुपालकावर बंधनकारक केलं आहे. पण वर्दी पोचूनही दवाखान्यात डॉक्टर नसेल, तर कायदा कागदावरच राहतो. पशुसंवर्धन विभागानं आधी रिकामी पदं भरावीत. पशुपालकांनी मेलेलं जनावर न उघडता, चुना टाकून, सहा फूट खोल पुरावं.