गणिताच्या वहीतली उधारी

गणितात उपमेचे काय काम, असे विचारणाऱ्या विद्वानांना यंदा दिवाळीच्या तोंडावर चार शब्द सुनावणे मला भाग आहे.

घडले ते असे. माझ्या वर्गातल्या एका वाण्याच्या मुलीला परीक्षेत समीकरण आले : क्ष − ५ = −२. तिने लिहिले, "गिऱ्हाईक क्ष रुपये घेऊन आले. पाचाचा पुडा नेला. दोन रुपये उधारी राहिली. म्हणजे आणले होते तीन." उत्तर बिनचूक! परंतु तपासणाऱ्या गृहस्थांनी त्यावर तांबडी रेघ ओढली आणि समासात शेरा मारला, 'गोष्ट लिहू नये.' मी जाब विचारला, तर म्हणाले, "तुम्ही कादंबऱ्या लिहिता, म्हणून पोरे बिघडतात!"

अहो, मग धन आणि ऋण हे शब्द तुम्ही कुठून आणलेत? ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये या संख्यांचे नियम संपत्ती आणि कर्ज याच शब्दांत सांगितले. ११५० च्या 'बीजगणिता'त भास्कराचार्यांनी पहिल्या अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हटले आणि पुढच्यांना चक्क रंगांची नावे दिली : कालक, नीलक, पीतक, लोहितक. त्यांच्याही समासात शेरा माराल काय?

आणि तुमचा तो लाडका मंत्र, 'पलीकडे गेले की चिन्ह बदलते'! तो घोकलेला मुलगा २क्ष = ६ पाहतो, दोनाला पलीकडे ढकलतो, वजाचे चिन्ह देतो आणि क्ष = ४ लिहून मोकळा होतो. दरवर्षी असे चारपाच तरी निघतात. त्यालाच म्हणावे, बाबा रे, तराजूच्या एका पारड्यात दोन सारख्या पुड्या आहेत, दुसऱ्यात सहा किलो. एक पुडी केवढ्याची? तो तीन सांगेल, आणि विचारलेत म्हणून तुमच्याकडे जरा आश्चर्यानेही पाहील.

उपमा फसते, हे मलाही ठाऊक आहे. उणे पाच किलो कोणत्या पारड्यात घालायचे? 'अ म्हणजे आंबे' असे शिकवणारे मास्तर तर मुलाचे वर्षभराचे नुकसान करतात. कारण ३अ मधला अ हा आंबा नव्हे, ती एक संख्या आहे : पेटीतल्या आंब्यांची म्हणा, एका आंब्याच्या किमतीची म्हणा. तराजू अडला की खाली ठेवावा आणि उधारीची वही उघडावी. कोणते साधन कुठवर चालते, हे दाखवायलाच तर वर्गात मास्तर असतो!

त्या मुलीला मी नंतर विचारले, उणे तीन गुणिले उणे दोन किती? फळ्यावर हा नियम अजून आला नव्हता. तिने बोटाने हवेत तीन रेघा ओढल्या. "गुरुजी, बाबांनी लक्ष्मीपूजनाला वहीतल्या दोन-दोन रुपयांच्या तीन उधाऱ्या खोडल्या. गिऱ्हाईक सहा रुपयांनी सुटले."

तपासनीस महाशय, घ्या तांबडी शाई!