पोटावारी राबलेला चितारी

मोठा कलावंत जिवंतपणीं ओळखला जात नाहीं, ही जगाची रीतच आहे, असें म्हणून विद्वान मंडळी एक उसासा टाकतात आणि मोकळी होतात. जणूं तो पावसापाण्याचाच खेळ आहे व त्याला कोणी जबाबदार नाहीं! आम्हांस हें मान्य नाहीं. एखाद्याला ओळख मिळाली नाहीं, तर ती नाकारणारीं माणसें असतात; एखाद्याची मजुरी बुडाली, तर ती कोणाच्या तरी पदरांत पडलेली असते. निको पिरोस्मानी या चिताऱ्याची हकीगत आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनीं याच नजरेनें वाचावी.

काळ्या समुद्राच्या पूर्वेस, कॉकेशस पर्वताच्या आश्रयाला जॉर्जिया नांवाचा द्राक्षमळ्यांचा देश आहे. त्या काळीं तेथें रशियाच्या झारचा अंमल होता. तेथील काखेती प्रांतांत, मिर्झानी या खेड्यांत, १८६२ सालीं एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं निको जन्मला. लहानपणींच आईबाप वारले. तिफ्लिस शहरांतील एका सधन कुटुंबानें त्याला संभाळलें. या शहराला आज तिबिलिसी म्हणतात. तेथें तो लिहावाचावयास शिकला, पण चित्रकलेच्या शाळेचें तोंड त्यानें कधीं पाहिलें नाहीं. एका जोडीदाराबरोबर पाट्या रंगविण्याचें दुकान काढलें, तें चाललें नाहीं. १८९० सालीं रेल्वेंत नोकरी धरली, ती थोड्या वर्षांत सुटली. दूधदुभत्याचें दुकान घातलें, तेंही हातचें गेलें. शेवटीं हातांत राहिला तो कुंचला.

शहरांतल्या खाणावळी आणि दारूचे गुत्ते हेच त्याचे आश्रयदाते. कोणाला दारावर पाटी हवी, कोणाला भिंतीवर मेजवानीचें चित्र हवें. हा काढून देई. तें काम नसेल त्या दिवशीं भिंतीला रंग फांसून देई. मोबदला बहुतेक वेळां एवढाच : कालवण, पाव, दारू आणि रात्रीं पाठ टेंकावयाला जागा. तो पुष्कळदां काळ्या मेणकापडावर चित्र काढी. जेथें काळा रंग हवा ती जागा तो कोरीच सोडी आणि उरलेल्या जागेंत रंग भरी. रंगाची बचत झाली, आणि अंधारांत दिवा उजळावा तसा चित्राला उठावही आला. कारागिराची अक्कल म्हणतात ती हीच! द्राक्षांची तोडणी, लाल सदऱ्यांतला कोळी, पंगतीला बसलेले लोक, हरणें, अस्वलें, माणसासारखा टक लावून पाहणारा जिराफ, असे त्याचे विषय.

हीं चित्रें कोठें दडवून ठेविलेलीं नव्हतीं. गुत्त्यांत येणारा जाणारा रोज त्यांच्याखालीं बसून जेवत होता. पण विद्वानांच्या लेखीं तीं नव्हतींच, कारण तीं गुत्त्याच्या भिंतीवर होतीं. १९१२ सालीं झ्दानेविच बंधु व त्यांचा एक चित्रकार मित्र यांची नजर तिकडे गेली, आणि १९१३ सालीं मॉस्कोच्या एका प्रदर्शनांत त्याचीं कांहीं चित्रें लागलीं. पण १९१४ सालीं महायुद्ध पेटलें, झार सरकारनें दारूबंदी केली, गुत्त्यांचा धंदा बसला, आणि याचें होतें तेंही काम गेलें. १९१६ सालीं जॉर्जियाच्या कलावंतांच्या मंडळानें त्याला बैठकीस बोलाविलें. तेथें त्यानें स्वतःसाठीं कांहीं मागितलें नाहीं असें सांगतात. शहराच्या मध्यभागीं एक मोठें लाकडी घर बांधावें, त्यांत मोठें टेबल असावें, चहाचें भांडें असावें, आणि सर्व चिताऱ्यांनीं एकत्र बसून कलेविषयीं बोलावें, एवढेंच त्याचें म्हणणें. त्याला भीक नको होती, भाऊबंदकी नको होती. भाईचारा हवा होता. लौकरच एका वर्तमानपत्रानें त्याचें व्यंगचित्र छापलें, आणि अजून शिकून घ्यावें असा वर उपदेशही केला! पन्नाशी उलटलेल्या, जन्मभर कुंचल्यावर जगलेल्या माणसाला हा उपदेश! तो त्या मंडळींपासून दूर झाला. १९१८ सालीं एका तळघरांत तो आजारी सांपडला आणि लगेच वारला. त्याला कोठें पुरलें हेंही आज कोणास ठाऊक नाहीं.

आज त्याचीं सुमारें दोनशें चित्रें शिल्लक आहेत आणि तीं तिबिलिसीच्या संग्रहालयाचें भूषण आहेत. १९९५ सालीं जॉर्जियाच्या स्वतंत्र सरकारनें एक लारीच्या नोटेवर त्याचा चेहरा छापला. ज्याच्या खिशांत नोट नव्हती, त्याचा चेहरा नोटेवर!

आतां गुन्हेगार कोण? पहिले ते, ज्यांना शाळेच्या शिक्क्याशिवाय विद्या दिसत नाहीं. पागोटें पाहून मान देणारा हा सोवळेपणा आमच्या चांगला ओळखीचा आहे. पण दुसरे गुन्हेगार विद्वान नव्हते. ते गुत्तेवाले साधे लोक होते. त्यांच्या पावावर तो जगला, हें खरें. पांढरपेशांनीं तेवढेंही दिलें नाहीं. परंतु पोटावारी म्हणजे मजुरी नव्हे. धनी बसला कीं कारागीर उपाशी, कारण गांठीला पैसा नाहीं. सुगीच्या दिवसांत खळ्यावर पसा पसरून उभें राहण्याची लाज ज्या बलुतेदार घरांनीं पिढ्यान् पिढ्या सोसली, त्यांना हें समजावून सांगावयास नको. मग तींच घरें आज पाटी रंगविणाऱ्याला चहा पाजून वाटेला कां लावतात?

म्हणून आमचें सांगणें थोडें आहे. दुकानाची पाटी, देवळाची भिंत, गणपतीची मूर्ति ज्याच्या हातून रंगवून घ्याल, त्याला ठरलेला रोख पैसा द्या आणि कामाच्या कोपऱ्यांत त्याला आपलें नांव घालूं द्या. पोरानें किंवा पोरीनें कोळशानें भिंत काळी केली, तर धपाटा घालण्यापूर्वीं तिथें काय काढलें आहे तें बघा. आणि आम्हां मास्तर लोकांनीं गणिताच्या पाटीवर बैल काढणाऱ्या मुलाला आधीं गणित शिकवावें, पण बैल पुसूं नये. मेल्यावर नोटेवर चेहरा छापण्यापेक्षां जिवंतपणीं हातावर नोट ठेवणें स्वस्त आहे, आणि न्यायाचेंही आहे.

— एक खेडवळ मास्तर