संगणक भंगारात का काढायचा?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमचा नियमित आधार बंद केला. घरगुती ग्राहकांना मुदतवाढ दिली, ती एका वर्षाची. विंडोज ११ घ्यावी म्हटले, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे यंत्र धडधाकट. पण कंपनीच्या लेखी निकामी! वसई-विरारमधील ज्या अभ्यासिका, मंडळे आणि टायपिंगवाले जुन्या संगणकावर काम भागवतात, त्यांनी काय करायचे? त्यांना 'नवा घ्या' म्हणणे म्हणजे 'शिकणे थांबवा' म्हणण्यासारखेच आहे.

पर्याय आहे, आणि तो विनामूल्य आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर संदेश धाडला: आपण एक नवी प्रणाली तयार करीत आहोत, तुम्हाला तीत काय हवे ते सांगा. लोकांनी सूचना केल्या, चुका दाखवल्या, दुरुस्त्या पाठवल्या. त्यातून लिनक्स वाढले. १९९२ साली ते जीपीएल परवान्याखाली आले. प्रताधिकाराचा कायदा एरवी 'हात लावू नका' हे सांगण्यासाठी वापरला जातो. या परवान्याने त्याच कायद्याच्या बळावर उलट अट घातली: वापरा, आतली रचना तपासा, बदला, वाटा, मात्र वाटाल तेव्हा हेच हक्क पुढच्यालाही द्या. ज्यांच्या पूर्वजांना विद्येच्या दाराबाहेर उभे केले गेले, त्यांना या अटीचे मोल वेगळे सांगायला नको.

सी-डॅकने डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही प्रणाली २००७ मध्ये आणली. तीत मराठीची सोय आहे. केरळच्या सरकारी शाळांतील मुले मुक्त प्रणालीवर संगणक शिकतात. मग आपल्याकडे घोडे कुठे अडते?

ते अडते साध्या गोष्टींवर. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेले अर्ज आणि निवेदने नव्या प्रणालीत उघडली की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. प्रिंटर ओळखला जात नाही. विचारायला जवळ कुणी नसते. इंग्रजीतले उत्तर उमगत नाही. आठवड्याभरात माणूस कंटाळतो आणि विंडोजची चोरटी प्रत टाकून मोकळा होतो. अशी प्रत जाणूनबुजून वापरणे हा प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब खाली गुन्हा आहे, हे आम्ही येथे स्पष्ट सांगतो.

म्हणून केवळ प्रणाली पुरत नाही, ती वापरणाऱ्यांचा गट लागतो. वसईत असा गट उभा राहावा. महिन्यातून एक रविवार, एक अभ्यासिका, येताना आपापला संगणक सोबत. आधी सगळ्या फाइलींची प्रत काढून ठेवावी, मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे, पटले तरच बसवावे. कुणाला प्रिंटर जमतो, कुणाला जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणे जमते. सुटलेली प्रत्येक अडचण मराठीत, साध्या शब्दांत, वहीत उतरवावी. ती वही सर्वांसाठी खुली राहावी.

एकाला कळलेले दहांना सांगितले नाही, तर तीही मक्तेदारीच होय. कंपनीची मक्तेदारी मोडायला निघालेल्यांनी आपली नवी उभी करू नये.